बर्फाच्या यंत्राजवळची हजेरी

शिक्षकांच्या सत्काराच्या बातम्या मी कात्री हाताशी ठेवून वाचतो. कात्रण काढायचे, त्यावर तारीख घालायची आणि वर्षभराने त्या शाळेत जाऊन पाहायचे, की ज्या यंत्रासाठी शाल मिळाली ते यंत्र अजून जागेवर आहे का. एकोणीस वर्षांत अशी एकेचाळीस कात्रणे साठली आहेत. यंत्र जागेवर आणि चालू अवस्थेत सापडले ते सहा शाळांत. उरलेल्या पस्तीस ठिकाणी कुठे कुलूप होते, कुठे धूळ होती, आणि एका ठिकाणी मला चहा पाजून परत पाठवण्यात आले.

हा संशय मला आनुवंशिक मिळालेला नाही. मी पूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे. तेथे एका जूनमध्ये आठ संगणक आले. फीत कापली गेली, प्रत्येक पडद्यापुढे दोन-दोन मुली बसवून छायाचित्रे काढली गेली. पुढच्या सोमवारी मी माझा वर्ग घेऊन त्या खोलीत गेलो तेव्हा आठ पडदे जागेवर होते; ज्यांच्यावर ते चालतात त्या पेट्या फक्त तीन होत्या. मी लेखी विचारणा केली. उत्तराऐवजी माझे तास कमी झाले, मग माझी खुर्ची शिक्षकखोलीतून ग्रंथालयात गेली, आणि दोन वर्षांनी मी राजीनामा दिला. तेव्हापासून भाईंदर पश्चिमेला घरी शिकवण्या घेतो आणि उरलेल्या वेळात तक्रारी लिहितो. लोक मला तक्रारखोर म्हणतात. शब्द चुकीचा नाही. तो उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती मात्र चुकीची आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शहरातल्या एका प्रतिष्ठानाने ‘तंत्रस्नेही शिक्षक सन्मान’ जाहीर केला. निवड झालेल्या शिक्षिकेचे नाव संध्या पाईकराव. पालीच्या बाजूला, कोळीवाड्याला लागून असलेल्या दर्यासेवक विद्यामंदिरात त्या सहावीच्या वर्गशिक्षिका. जाहीर निवेदनाखाली नेहमीची ओळ होती : कोणास आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावा. ही ओळ छापणाऱ्यांना तिचा उपयोग कोणी करील असे कधीच वाटत नसते. मी प्रस्तावाची प्रत मागितली. ती देताना तिथल्या कारकुनाने विचारले, “साहेब, तुम्ही नातेवाईक का?”

“नाही. वाचक आहे,” मी म्हटले.

प्रस्तावात दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली म्हणजे स्मार्ट बोर्डाचे छायाचित्र : उजळलेला पडदा, बाजूला हसरे मुख्याध्यापक, शिक्षिका मात्र चित्रात नाही. दुसरी म्हणजे हजेरी. सहावीत एकतीस मुले, आणि उपस्थिती जवळजवळ शंभर टक्के. समुद्रकाठच्या वाडीत, बोंबील वाळवण्याच्या ऐन हंगामात शंभर टक्के उपस्थिती! ज्याने ती वाडी एकदाही पाहिली नाही त्यालाच हा आकडा पटला असता. सोबत एक पेन ड्राइव्ह होता, मुलांनी घरून पाठवलेल्या ध्वनिमुद्रित उत्तरांचा. मी तीन दिवस ती उत्तरे ऐकली. मुले वेगवेगळी, दिवस वेगवेगळे, प्रश्न वेगवेगळे. पण प्रत्येक आवाजामागे एकच घरघर होती. तीच खडखड, मध्येच तोच धाडकन आवाज, आणि अधूनमधून तीच एक बाई खोकत होती. घरून पाठवलेल्या उत्तरांत एकच घरघर कशी येईल? माझ्या मते हे सगळे एका जागी, एका बैठकीत, चार-दोन मुलांना पढवून उरकलेले होते.

मी आक्षेप लिहिला. मुद्दा एक : स्मार्ट बोर्डाच्या वापराचा कोणताही पुरावा नाही. मुद्दा दोन : हजेरीपट आणि ध्वनिमुद्रणे बनावट असल्याचा सबळ संशय आहे. दोन्ही मुद्द्यांची सुनावणी महिनाअखेरीस ठरली. ज्याच्यावर आक्षेप घेतला ते स्वतः पाहून यावे हा माझा नियम आहे, म्हणून मी शाळेत गेलो.

मुख्याध्यापक कौस्तुभ उकिडवे यांच्या कार्यालयात शिरताच समोर निकालाचा फलक दिसतो : शंभर टक्के, शंभर टक्के, शंभर टक्के. सलग सात वर्षे. माणसांच्या शाळेत असे होत नाही. उकिडव्यांनी मला बसायला सांगितले आणि स्वतः उभे राहिले.

“टिपणीस सर, तुमच्यासारख्या जाणकारांमुळेच शिक्षणक्षेत्र शुद्ध राहतं.”

“स्मार्ट बोर्ड दाखवता का?”

“अवश्य. फक्त आज चावी शिपायाकडे आहे आणि शिपाई जरा…”

“शिपाई दारात उभा आहे. त्याच्या हातात चाव्या आहेत.”

खोली उघडली. बोर्डावर निळ्या फुलांची चादर होती आणि चादरीवर दसऱ्याचा झेंडू वाळून करडा झाला होता. चादर उचलली. कडेच्या पट्टीवर खाऱ्या हवेचा पांढरा थर, खालच्या तारेला हिरवा गंज. बटण दाबले, काही झाले नाही. “लाइट गेली असेल,” उकिडवे म्हणाले. डोक्यावर पंखा फिरत होता.

मी मस्टर मागितला. त्या दिवशी सहावीत एकतीसपैकी तीस हजर. मी वर्गाच्या दाराशी जाऊन डोकी मोजली. एकोणीस. चाळिशीची एक सडसडीत बाई फळ्यावर अपूर्णांक लिहीत होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि खडू खाली ठेवला.

“तक्रार तुमचीच ना, सर?”

“होय. तुमच्या मस्टरवर अकरा मुले जास्त आहेत.”

“आहेत,” ती म्हणाली. “सही माझी आहे.” आणि पुन्हा फळ्याकडे वळली.

एवढ्या सरळ उत्तराची मला सवय नाही. खोटे बोलणारी माणसे दोन पायऱ्या पुढचे बोलतात. इतके कमी बोलण्यामागे तर त्याहून मोठे काही असते. मी वहीत लिहिले : कबुली, पण अपुरी. कारण शोधणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदराकडच्या वाळवणाच्या पटांगणात गेलो. बांबूंच्या उंच उभ्या-आडव्या चौकटी, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, आणि दोरीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. खालच्या दोऱ्यांना मुलांचे हात बरोबर पुरतात, म्हणून तिथे मुले होती. एका बांबूला खिळ्यावर प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती आणि त्या पिशवीतून पाईकराव बाईंचा आवाज येत होता : “…आता दोरीचे चार सारखे भाग करा. त्यातले तीन भरले. राहिला किती?”

“पाव!” दोन मुली एकदम ओरडल्या. हात चालूच.

मी पिशवीजवळ गेलो. आत मोबाइल होता, त्यावर बाईंचा ध्वनिमुद्रित धडा चालू होता. एक कोळीण, वय पस्तीसच्या आसपास, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे आली. तिचे नाव लक्ष्मी. तिचा नवरा रामनाथ बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. हे तिने मला विचारल्याशिवाय सांगितले, बहुधा मी कोणाशी बोलत आहे हे मला कळावे म्हणून.

“फोनला हात नको लावू हां. मावऱ्याचं पानी जातं आत, मग बंद पडतो. तू तो तक्रारवाला न्हाय?”

“कोणी सांगितलं?”

“अख्ख्या वाडीला ठावं हाय. आमच्या बाईचं बक्षीस खायला आलायस.”

“मुलीला शाळेत का पाठवत नाही?”

“दोन महिने न्हाय पाठवत. ह्यो बोंबील काय तुझ्या घरी येऊन वाळवू? हंगाम सरला की जाते समिधा.” तिने आपल्या मुलीकडे हनुवटी उडवली. मस्टरवर काल हजर असलेली समिधा माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मीच गैरहजर असावा.

अकराच्या सुमारास मुले एकेक करून हात धुऊन फोन घेऊन धक्क्याकडे निघाली. मी मागे गेलो. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडायचे यंत्र घरघरत होते. लादी आत ढकलली की धाडकन आवाज व्हायचा. यंत्रामागच्या ओट्यावर एक म्हातारी जाळे विणत बसली होती आणि खोकत होती. मुले यंत्राच्या कोपऱ्याला खेटून रांगेत उभी राहिली आणि एकेकाने फोनमध्ये उत्तर सांगितले.

“हितंच का?” मी निकेत नावाच्या मुलाला विचारले.

“हितंच रेंज हाय. बाकी वाडीत न्हाय,” तो म्हणाला आणि मला बाजूला सरकवले, कारण मी रेंजच्या जागेवर उभा होतो.

तर घरघरीचा उलगडा झाला. मी तो आक्षेपातून वगळला नाही, फक्त बाजूला खूण केली. कारण तेवढ्यात दुसरे दिसले. शाळा सुटल्यावर पाईकराव बाई धक्क्यावर आल्या. लक्ष्मीने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जड पुडके त्यांच्या पिशवीत घातले, बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि पिशवी काखेत मारली. पुडक्याला सुक्या बोंबलांचा वास येत होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच घडले. मुलांची खोटी हजेरी, आणि आयांकडून पुडकी. ह्याला भाषेत नाव आहे आणि ते मला चांगले ठाऊक आहे.

शनिवारी मी बाईंच्या मागोमाग बसने काशीमीऱ्याला गेलो. हे करणे शोभत नाही असे कोणी म्हणेल. जे शोभते ते करणाऱ्यांनी ती आठ संगणकांची खोली पाहिली नव्हती. हॉटेले, गॅरेजे, मालाची गोदामे, ट्रकांच्या रांगा. त्यांच्यामधल्या एका अरुंद गाळ्यात बाई शिरल्या. पाटी होती : मोबाइल दुरुस्ती. काउंटरवर पुडके उघडले. आत चार मोबाइल होते.

“दीदी, हा चौथ्यांदा आलाय,” आतला तरुण कपाळाला हात लावत म्हणाला. “लक्ष्मीताईला सांग, फोन हाय तो, वाळत घालायचं कोलीम न्हाय. चार्जिंगच्या भोकात बघ काय हाय ते. खवला!”

“तूच सांग. माझं ती ऐकत नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे न वळता, “टिपणीस सर, बाहेर उन्हात कशाला? आत या.”

तो तरुण त्यांचा भाऊ संघर्ष. स्टुलावर वडील बापूराव बसले होते. तीस वर्षे त्याच रस्त्यावरच्या गोदामात पहारेकरी होते, आता मुलाच्या गाळ्यावर पहारा करतात. मी पुडक्याबद्दल सरळ विचारले. बाईंनी सरळ सांगितले : ओल्या हातांनी, खाऱ्या पाण्याने फोन महिन्याला बंद पडतात, बंद पडला की मुलाचा धडा बंद. म्हणून त्या फोन गोळा करतात, भाऊ साफ करून देतो.

“आणि इकडेतिकडे का पाहत होतात?”

“उकिडवे सरांनी मुलांचे फोन शाळेत आणायला बंदी केलीय. धक्का शाळेच्या गेटसमोर आहे.”

बापूराव इतका वेळ मला न्याहाळत होते. “तुमी मास्तर व्हता म्हनं?”

“होतो.”

“मग तुमाला लाल शाई ठावं असंल.” त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढले. “आमी हिंगोलीकडून आलो तवा ही नऊ वर्साची. संघर्ष रांगत व्हता. हिची माय केसरबाई गोदामात झाडलोट करायची, म्या गेटावर. पोराला कोन बघनार? ही. दोन महिने शाळंत गेली न्हाई. तिसऱ्या महिन्यात गेली तं मास्तरनं पुस्तक उघडून दाखवलं. नावावर लाल रेघ. म्हने, तुझं नाव कमी झालं. रडली न्हाई. घरी येऊन मला इचारलं, बाबा, म्या कमी झाले म्हंजी कुटं गेले?”

“बाबा, बास,” बाई म्हणाल्या.

“एक वरीस गेलं हिचं. दुसऱ्या शाळंत पुन्हा चौथीत बसली.” ते माझ्याकडे झुकले. “इचारा आता, काय इचारायचं ते.”

करुण कथांवर माझा विश्वास सहजी बसत नाही. पस्तीस कात्रणांतल्या निदान दहा जणांनी मला अशा कथा सांगितल्या होत्या. गाळ्याबाहेर ट्रक जाईपर्यंत थांबून मी बाईंना म्हटले, “तुमचं बालपण माझ्या आक्षेपाचं उत्तर नाही. मस्टर खोटा आहे.”

“खोटा आहे,” त्या म्हणाल्या. “दीर्घ गैरहजर असा शेरा पडला की उकिडवे सर पालकांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात देतात. निकालाचा फलक पाहिलात ना? तो असा राहतो. गेल्या वर्षी चार मुलं गेली. ती पुन्हा कुठल्याही शाळेत गेली नाहीत. मी शोधून पाहिलंय. यंदा माझ्या वर्गात तशी अकरा आहेत. लक्ष्मीताईची वाळवणं मी थांबवू शकत नाही. लाल शाई तेवढी थांबवता येते.”

“आणि सन्मान?”

“प्रस्ताव सरांनी भरला. माझी सही कोऱ्या पानावर घेतली, प्रस्ताव मी नंतर वाचला. मला सन्मान नको. तुमचा पहिला मुद्दा ठेवा. तीन वर्षं तो बोर्ड मेलेला आहे हे कागदावर फक्त तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या मुद्द्याचं…” त्या थांबल्या. “तो मान्य झाला तर अकरा दाखले निघतील.”

“मी आजवर एकही मुद्दा मागे घेतलेला नाही.”

“मागे घ्या असं म्हटलं नाही. सोमवारी बारा वाजता वर्गात या.”

सोमवारी बाराला पाच मिनिटे असताना मी शेवटच्या बाकावर बसलो. बाईंनी कपाटातून एक छोटा भोंगा काढला, भाजीच्या हातगाडीवर “कांदा-बटाटा” ओरडायला लावतात तसला. तो दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या बाकावर ठेवला आणि फोन जोडला. खोलीत बर्फाच्या यंत्राची घरघर भरली. मग निकेतचा आवाज : “तीन अष्टमांश.”

“चूक!” वर्ग गरजला. “निक्या, चूक! पाच अष्टमांश!”

“त्यानं उरलेले नाही, भरलेले सांगितले, बाई,” एक मुलगी उभी राहून म्हणाली. “नेहमी तसंच करतो.”

बाईंनी फोनचे बटण दाबून तो मुलीपुढे धरला. “त्यालाच सांग.” मुलीने फोनमध्ये सांगितले, शेवटी “मंद” हा शब्द स्वतःच्या जबाबदारीवर जोडून. मग भोंगा पुढच्या रिकाम्या जागेवर गेला, तिथे समिधा बोलली. प्रत्येक आवाज त्याच्या स्वतःच्या जागेवर ठेवला गेला. बाराचा ठोका पडताच बाईंनी भोंगा बंद केला आणि एक निळी वही उघडली. त्या वहीत मुलांच्या नावापुढे तीन प्रकारच्या खुणा होत्या : वर्गात असलेल्यांना ‘ह’, धक्क्यावरून बोललेल्यांना ‘आ’, आणि दोन्ही नसेल तर ‘गै’. सरकारी मस्टर खोटा होता. ही वही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, खरी होती.

“खरी आहे हे कशावरून?” मी विचारले.

“तुम्ही मोजा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे साक्षीदार नाही. मला मानणारे सगळे माझ्या बाजूचे आहेत. मला न मानणारा एकच माणूस आहे.”

मी मोजले. आठ दिवस रोज अकरा ते बारा मी बर्फाच्या यंत्रापाशी उभा राहिलो आणि कोणत्या मुलाने किती वाजता उत्तर पाठवले ते लिहिले. अंगाला मासळीचा वास लागला. शिकवणीला येणारी मुले नाक धरू लागली. लक्ष्मीने तिसऱ्या दिवशी मला उलटी बादली बसायला दिली आणि पाचव्या दिवशी विचारले, “तुला घरात कोन हाय का न्हाय?” बाईंना मी माझी नोंद दाखवली नाही, त्यांची वही पाहिली नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वहीच्या त्या पानांच्या प्रती पाकिटात घालून चिकटवून माझ्याकडे दिल्या. मी घरी दोन्ही शेजारी ठेवले. माझ्याकडे एकाहत्तर उत्तरे होती. त्यांच्याकडे सत्तर ‘आ’.

एकाचा फरक. हा एक मला हवा होता, हे मी नाकारत नाही.

सुनावणी प्रतिष्ठानाच्या दुकानावरच्या सभागृहात झाली. अध्यक्ष दशरथ पाध्ये, सोबत आणखी दोन सदस्य. उकिडवे नवा कोट घालून आले होते. बाई आपल्या निळ्या वहीसह शेवटच्या खुर्चीवर.

पाध्यांनी पहिला मुद्दा वाचला आणि हसून विचारले, “मॅडम, स्मार्ट बोर्डावर साधारण किती पाठ घेतलेत? अंदाजे सांगितलं तरी चालेल.”

“एकही नाही. बोर्ड तीन वर्षं बंद आहे.”

उकिडवे उठले. “साहेब, मॅडमना म्हणायचंय की यंदा तांत्रिक कारणास्तव…”

“मला तेवढंच म्हणायचंय जेवढं म्हटलं,” बाई म्हणाल्या.

पाध्ये माझ्याकडे वळले. “टिपणीस, झालं ना तुमचं समाधान? सन्मान रद्द करू. दुसरा मुद्दा आता वाचायलाच नको.”

इथे मी गप्प बसलो असतो तर मुद्दा मागे न घेताही तो नाहीसा झाला असता. उकिडव्यांनाही तेच हवे होते. त्यांनी रुमालाने मान पुसली. मी तोंड उघडण्यापूर्वी बाई उभ्या राहिल्या आणि वही टेबलावर ठेवली.

“वाचा, साहेब. मस्टरवर मी अकरा मुलांची हजेरी खोटी लावलीय. खरी इथे आहे.”

“बाई!” उकिडवे ओरडले. “तुमची नोकरी…”

“नोकरीचं मी बघते, सर. हे आज दडलं, तर पुढच्या वर्षी मला पुन्हा खोटंच लिहावं लागेल.”

पाध्यांनी वही चाळली. “हे ‘आ’ म्हणजे आवाज. ठीक. पण मॅडम, एक मस्टर खोटा लिहिणाऱ्या बाईची दुसरी वही आम्ही खरी का मानायची?”

प्रश्न रास्त होता. मीही तोच विचारला होता. बाई माझ्याकडे पाहतही नव्हत्या. मी उठलो आणि माझी नोंद वहीशेजारी ठेवली.

“आठ दिवस मी स्वतः मोजलं आहे. माझी एकाहत्तर, बाईंची सत्तर. फरक समिधा नावाच्या मुलीचा, गुरुवारचा. तिनं उत्तर सांगितलं तेव्हा माझ्या घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. बाईंनी तिला ‘गै’ लिहिलं आहे. का?”

“माझ्याकडे पोचलं ते सव्वाबाराला,” बाई म्हणाल्या. “भोंगा बाराला बंद होतो. जे वर्गानं ऐकलं नाही ते मी हजर धरत नाही. लक्ष्मीताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही त्यावरून.”

“साहेब,” मी म्हटले, “एकोणीस वर्षं मी खोटे कागद वाचतो आहे. खोटी नोंद नेहमी लिहिणाऱ्याच्या फायद्याकडे झुकते. ही नोंद बाईंच्याच विरुद्ध झुकली आहे. माझा आक्षेप मी मागे घेत नाही. मस्टर खोटाच आहे आणि तो दुरुस्त झाला पाहिजे. पण दुरुस्त म्हणजे लाल शाई नव्हे. शेऱ्याच्या रकान्यात ‘आवाजाने उपस्थित’ असं लिहावं. लिहिता येत नसेल तर त्याचं लेखी कारण द्यावं. ह्या अकरांपैकी एकालाही दाखला दिला गेला तर त्याचंही लेखी कारण मी मागेन, आणि प्रत्येक अर्जासोबत झेंडूचा हार घातलेल्या बोर्डाचं छायाचित्र जोडीन.”

उकिडव्यांनी हळूच विचारले, “छायाचित्र आहे तुमच्याकडे?”

“आठ आहेत,” मी म्हटले. दोन होती. आयुष्यात मी लेखी खोटे कधी लिहिलेले नाही. हे तोंडी होते.

सन्मान रद्द झाला. तो पुढे एका खाजगी शाळेतल्या शिक्षकाला मिळाला, ज्यांच्या वर्गात चाळीस टॅबलेट आले आहेत. त्यांचे कात्रण मी ठेवले आहे. पाईकराव बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. ती नोटीस न्याय्य आहे असे मला वाटते आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले. त्या म्हणाल्या, “मलाही वाटतं.” पण अकरा नावे पटावर आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला मी मस्टरची प्रत मागतो. उकिडवे ती देतात, चहा विचारत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेले असते.

मुलांनी सकाळी शाळेत असावे, दोरीखाली नव्हे, हे माझे मत बदललेले नाही. त्यावर मी वेगळा अर्ज केला आहे. बाईंवरही माझा पूर्ण विश्वास बसला आहे असे नाही. म्हणून तर महिन्यातून एकदा, कोणाला न कळवता, मी धक्क्यावर जातो. टॅबलेटवाल्या शिक्षकांचा सत्कार होता त्या दिवशीही गेलो.

“आज पन मोजायला आला?” लक्ष्मी बादली उलटी करत म्हणाली. “तिकडं शाली वाटतायत, जा की.”

समिधा यंत्राच्या कोपऱ्याशी होती. उत्तर सांगून झाले होते; फोनवर छोटे वर्तुळ गोल गोल फिरत होते. बाराला तीन मिनिटे होती. तिने फोन डोक्यावर उंच धरला, मग ओट्यावर चढली. म्हातारीने जाळे आवरून तिला जागा करून दिली.

“लिव ना,” लक्ष्मी मला म्हणाली. “सांगितलं की तिनं. तुझ्यासमोर सांगितलं.”

“पोचल्याशिवाय नाही.”

“दगड हायस.”

यंत्रात लादी पडली. समिधा ओट्यावरून ओरडली, “दोन खुना आल्या! बघा, काका, दोन!” मी फोन हातात घेऊन पाहिला, मग घड्याळ पाहिले. बाराला एक मिनिट होते. मी तिच्या नावापुढे ‘आ’ लिहिले.